कुणाच्या हातचं

जानेवारीतली सकाळ होती. साडेआठ वाजले तरी बाहेर धड उजाडलं नव्हतं. मी मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करत होते, आणि स्वयंपाकघराच्या काचेतून मागच्या अंगणातल्या भिंतीपलीकडे शेजारची अनघा उभी दिसली. अंगात कोट नाही, पायात घरातल्या सपाता. मी दार उघडून बाहेर गेले. "वैशालीताई, आई गेल्या. आत्ताच फोन आला हॉस्पिटलमधून," ती म्हणाली. मी भिंतीवरून हात पुढे केला. कुणी कुणाला शिवायचं नाही असे ते साथीचे दिवस, पण मला भान कुठलं! तिनं मात्र दोन्ही हात खिशात घातले आणि एक पाऊल मागे सरकली. "नको," म्हणाली, "माझे हात नको." आणि आत निघून गेली. ती ज्यांना आई म्हणत होती त्या तिच्या सासूबाई, इंदूबाई. आमच्या सगळ्यांच्या आक्का. अकरा दिवस हॉस्पिटलात होत्या. त्यांना जाऊन आज सात आठवडे झाले.

डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिनमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. मी नवऱ्याच्या नोकरीमागोमाग इथं आले आणि काही वर्षं घर पुसण्यात घालवल्यावर शिवणाचं मशीन घेतलं. आता आसपासच्या शाळांचे युनिफॉर्म, पडदे, लग्नाचे झगे, जे येईल ते आखूड, लांब, सैल, घट्ट करून देते. शेजारी महेश आणि अनघा. तो ऑफिसात, ती सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. अनघाची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा, म्हणजे गेल्या वर्षी जानेवारीत, महेशनं आईला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मार्चअखेरचं परतीचं तिकीट काढलेलंच होतं, कारण चैत्रातली गावची जत्रा आक्का कधी चुकवत नसत. इथं भेटीला येणाऱ्या आईवडलांचे मी दोन प्रकार पाहिले होते. एकांना सगळंच 'बाई, किती स्वच्छ' वाटतं आणि दुसऱ्यांना चहापासून काहीच आवडत नाही. आक्का तिसऱ्याच निघाल्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीवर एक पांढरं डोकं उगवलं. प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभं राहून माझ्या खिडकीत बघत त्या म्हणाल्या, "काय शिवतीयास गं पोरी? काजं हातानं करतीस का मशीनवर?" मी म्हटलं, मशीनवर. "मग ती काजं न्हवंत, भोकं हैत," म्हणाल्या. मला राग आला. रागाच्या भरात मी बाहेर कधी गेले आणि तासभर गप्पा मारत कशी उभी राहिले, ते मला कळलं नाही.

मी त्यांना 'काकू' म्हणायला गेले तर म्हणाल्या, "काकू नगं, आक्का म्हन. काकू म्हनलं की मला शाळंतल्या बाईवानी वाटतं." त्यांचं बोलणं सातारी, तेही डोंगरातलं. माझी बारा वर्षांची जुई मराठी समजते पण उत्तर इथल्या इंग्रजीतच देते. तिला आक्कांचं निम्मं कळायचं नाही आणि आक्कांना तिचं काहीच. तरी दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी तासन्‌तास बोलायच्या. आक्का विचारायच्या, "जेवलीस का?" ही म्हणायची, "आय'म ग्रँड, आजी." ग्रँड म्हणजे इथं ठीक, मजेत. पुढंपुढं आक्काही शिकल्या. गुडघा कसा आहे विचारलं की म्हणायच्या, "गुडगा गिरँड हाय."

त्यांची एक सवय मात्र मला सुरुवातीला फार खटकायची. कुणाकडचंही काही खाल्लं की त्या ते मोठ्यानं, चारचौघांना ऐकू जाईल असं जाहीर करायच्या. मी पहिल्यांदा डब्यातून पोहे दिले तर स्टुलावर चढून म्हणाल्या, "वैशालीच्या हातचं खाल्लं. मला बरं वाटलं." पलीकडची आयरिश शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती बिचारी दचकली. तिनं नाताळच्या केकचा उरलेला तुकडा दिला तर तिच्याही नावाची अशीच दवंडी. अनघाच्या स्वयंपाकाची तर रोज व्हायची. अनघाला स्वयंपाक यथातथाच येतो हे ती स्वतःही सांगते. वरणाला मीठ नसलं तरी आक्कांचं ठरलेलं, "अनघाच्या हातचं खाल्लं. बरं वाटलं." मला वाटायचं, काय हे कौतुकाचं नाटक! एकदा मी हसत म्हटलंही, "आक्का, आवडलं म्हटलं की पुरे, बरं वाटलं काय? आम्ही काय औषध दिलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्या स्टुलावरून खाली उतरल्या.

डब्याचंही सांगायला हवं. स्टीलचा, बसका, कडीचा डबा. झाकणावर ठोक्यांनी त्यांचं नाव घातलेलं, 'सौ. इंदूबाई'. नवरा जाऊन वीस वर्षं झाली तरी 'सौ.' तसंच. तो डबा भिंतीवरून इकडून तिकडं जायचा आणि कधी रिकामा यायचा नाही. मी भाजी पाठवली की त्यात शेंगदाण्याची चटणी, मी लाडू पाठवले की घावन. एकदा अनघानं घाईत तो तसाच धुऊन परत दिला. पाच मिनिटांत आक्का स्टुलावर हजर, हातात गुळाचा खडा. "रिकामा डबा देत न्हाईत गं," म्हणाल्या, "डब्याला वाईट वाटतं."

मार्चमध्ये सगळं बंद झालं. विमानं थांबली, आक्कांचं तिकीट गेलं. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असा हुकूम निघाला. आक्का त्र्याहत्तरच्या, म्हणजे त्यांचं जग मागच्या अंगणाएवढं झालं. माझ्याकडे पहिल्या कम्युनियनचे सात पांढरे झगे अर्धवट टांगलेले होते. आठ वर्षांच्या मुली चर्चच्या त्या दिवशी नवरीसारख्या नटतात. पण तो सोहळाच रद्द झाला, आणि मुली तर वाढत होत्या! पुढं कधीतरी लागतील म्हणून मी झगे दोन दोन इंच सैल करायला घेतले. आक्कांनी भिंतीवरून हात पुढे केला. "दे हिकडं. दुमड मी उसवते." त्या वसंतात इथं कधी नव्हे ते सलग ऊन पडलं. मी माझ्या अंगणात, त्या त्यांच्या, मधे भिंत, दोन्हीकडे पांढरं कापड. खरं सांगायचं तर बाहेर जग मरत होतं आणि मी इतकी सुखात होते की मला लाज वाटायची.

चैत्रात जत्रेचा दिवस आला तेव्हा मात्र त्या दिवसभर आतच होत्या. त्यांचं माहेरचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं, धरणाखाली गेलेलं. गावच्या लोकांनी देव उचलून खाली माळावर नेला आणि जत्रा तिथं भरते. गावातून उठून कुठं कुठं पांगलेली माणसं त्या एका दिवशी गोळा होतात. संध्याकाळी मी म्हटलं, "पुढच्या वर्षी जाल की आक्का." त्या म्हणाल्या, "दर साली जाते पोरी. दर साली तशीच माघारी येते." मला वाटलं, म्हातारपणीचं बोलणं असेल काहीतरी.

मे महिन्यात जुईला ऑनलाइन शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. परदेशी गेलेल्या एखाद्या आयरिश बाईची गोष्ट शोधून सांगायची. जुईनं शोधून काढली ती फार जुनी. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहतीत कपडे धुणारी एक म्हातारी आयरिश बाई होती. धुवायला दिलेल्या कपड्यांवरून तेरा वर्षांच्या एका मुलीनं तिच्या लेकीवर चोरीचा आळ घेतला. म्हातारी भांडायला गेली. त्यानंतर त्या मुलीला झटके यायला लागले, मग तिच्या भावंडांनाही. लोक म्हणाले, म्हातारी चेटकीण आहे. कोर्टात ती बाई फक्त आयरिश बोलत होती, दुभाषे लावावे लागले. शेवटी तिला फासावर दिलं. जुईनं हे सगळं भिंतीपाशी उभं राहून इंग्रजीत वाचलं आणि मी आक्कांना वाक्यावाक्याला मराठीत सांगत गेले. आक्का दुमड उसवत होत्या. मधेच त्यांचा हात थांबला.

"आनि त्या पोरीचं फुडं काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, फाशी दिली ना. "म्हातारीचं न्हवं," आक्का म्हणाल्या, "जिनं नाव घेतलं त्या पोरीचं. ती जगली का? लगीन झालं का तिचं? तिला झोप लागायची का?" जुईनं तिथंच मोबाइलवर शोधलं. म्हातारीबद्दल बरंच काही होतं, मुलीच्या पुढच्या आयुष्याबद्दल तिला फारसं सापडलं नाही. ती खांदे उडवून म्हणाली, "आजी, शी वॉज ओन्ली थर्टीन." मी मराठीत सांगितलं, ती तेराच वर्षांची होती हो. आक्कांनी झगा घडी करून भिंतीवर ठेवला आणि घरात गेल्या. पुढचे तीन दिवस भिंतीवर डोकं दिसलं नाही. अनघानं सांगितलं, ताप नाही, काही नाही, बोलत नाहीत फक्त.

चौथ्या दिवशी दुपारी आल्या. जुई घरात आहे ना, एवढं विचारलं. मग स्टुलावर न चढता, भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या असाव्यात, कारण मला त्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता. मीही माझ्या बाजूला खाली बसले… मधे भिंत. आणि त्यांनी सांगितलं.

इंदू दहा वर्षांची होती. तिची जिवाभावाची मैत्रीण शेवंता. शेवंताची आई काशी, विधवा, लोकांच्या रानात राबणारी. एके दिवशी दोघी पोरी कुंपणाकडेला खेळत असताना इंदूनं मोगली एरंडाच्या बिया फोडून खाल्ल्या. शेंगदाण्यासारख्या लागतात. विषारी असतात म्हणून आईनं बजावलेलं, खाल्ल्यास तर चामडं लोळवीन. शेवंतानं खाल्ल्या नाहीत, नको नको म्हणत होती. संध्याकाळपर्यंत इंदूला उलट्या, जुलाब, हातपाय वाकडे. घरच्यांनी देवरुषी बोलावला. त्यानं तांदूळ टाकले आणि पोरीला विचारलं. काय खाल्लंस, असं विचारलं नाही. त्यांच्याकडे तसं विचारतच नाहीत. त्यानं विचारलं, "कुनाच्या हातचं खाल्लंस?" बिया खाल्ल्या म्हणावं तर मार. आई समोर उभी. पोरीनं शोधून एक नाव काढलं. म्हणाली, काशीमावशीच्या.

"त्या दिशी काशीमावशीनं मला काय बी दिलं नव्हतं," भिंतीपलीकडून आक्का म्हणाल्या. "आनि तुला खरं सांगते वैशाली, नाव घेतलं तवा मला बरं वाटलं. आई वरडली न्हाई. मांडीवर घेतलं. समदं गाव माझ्याकडं बघत हुतं."

दोन दिवसांनी इंदू हिंडूफिरू लागली, आणि चेटूक उतरलं म्हणून ती खोटी गोष्ट पक्की झाली. काशीला चावडीवर मारलं, केस कापले, भांडीकुंडी शिवेबाहेर फेकली. निघून जाताना शेवंता इंदूच्या दारावरून गेली. इंदू आईच्या पदराआडून बघत होती. शेवंता थांबून म्हणाली, "इंदे, सांग की गं." बस, एवढंच. इंदू बोलली नाही. पुन्हा त्या मायलेकींना गावात कुणी पाहिलं नाही. मग धरण आलं. "गाव पान्यात गेलं," आक्का म्हणाल्या, "चावडी गेली, आमचं दार गेलं, पर बोललेलं काय बुडलं न्हाई. जत्रेला जाते ती तेच्यापायी. कवातरी शेवंता येईल, चार मानसांत हुभी ऱ्हाऊन तिला सांगीन. धा वेळा तोंड उघडलंया. बंद केलंया." आणि मग ती सवय. ज्याच्या हातचं खाल्लं त्याचं नाव लोकांत फक्त चांगल्यासाठी घ्यायचं, हे त्यांनी स्वतःला लावून घेतलेलं होतं. मी चेष्टा केली होती त्याची.

आता मी काय बोलले ते ऐका. मी शहाणी, शिकलेली. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही लहान होतात. दहा वर्षांच्या पोरीला काय कळतं?" पलीकडून आवाज चढला. "धा वर्साची पोर भाकरी भाजती, म्हशी राखती. तिला खरं-खोटं कळत न्हाई व्हय?" मग त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तू लिवतीस न्हवं का? पेपरात येतं म्हनं तुझं. माझं लिवून घे. जत्रंत कुनीतरी वाचून दाखवील. म्हेशाला मी माझं सांगीन, तू नगं सांगू." मी कधीमधी पुरवण्यांत चार ओळी लिहिते, त्याचं त्यांना अप्रूप. मी म्हटलं, "लिहायचं कशाला? वर्षभरात विमानं सुरू होतील. तुम्ही स्वतः जाऊन सांगा, मी तिकीट काढून देते." चांगल्या मनानं म्हटलं होतं. पण आता वाटतं, मला ते कागदावर उतरवायचंच नव्हतं. माझी गोड आक्का मला तशीच हवी होती. जूनमध्ये त्यांनी पुन्हा विचारलं, मी म्हटलं, शाळेचे युनिफॉर्म आटपू द्या. सप्टेंबरात विचारलं, मी म्हटलं, दिवाळी होऊ द्या. दिवाळीनंतर त्यांनी विचारायचं सोडून दिलं.

नाताळानंतर इथं साथ अशी उसळली की रोज कुणाकुणाचं कानावर यायचं. अनघा हॉस्पिटलात दिवसाचे तेरा-चौदा तास होती. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तिला खोकला सुरू झाला, दोन दिवसांनी महेशला, मग आक्कांना. आक्कांना वरच्या मागच्या छोट्या खोलीत ठेवलं. मी रोज दुपारी माझ्या अंगणात उभी राहायची आणि त्या खिडकी चार बोटं उघडून बोलायच्या. एका दुपारी मी गेले तर त्या फोनवर होत्या. साताऱ्याहून त्यांचे धाकटे दीर बोलत होते, फोन स्पीकरवर, दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे आख्ख्या आळीला कळावं असं संभाषण. मी परत फिरणार होते, पण दिरांचा प्रश्न कानावर आला आणि पाय हलेनात.

"वैनी, कुनापास्नं आला ह्यो रोग?"

आक्का खोकल्या. "ठावं न्हाई भावजी."

"ठावं न्हाई कसं? कुनाच्या तरी हातनं आलाच असंल की. डॉक्टरीनबाईनंच आनला असंल घरात. तुमी नाव तर घ्या, मी बोलतो म्हेशाशी."

खिडकीतून नुसता खोकला ऐकू आला. मला वाटलं, त्यांना बोलवत नसेल. मग त्या बोलल्या. दम लागत होता, तुकड्यातुकड्यानं, पण स्टुलावरून जाहीर करायच्या तशाच मोठ्यानं. "भावजी, ऐका. नाव घ्यायचं न्हाई कुनाचं. माझं दुखनं माझं हाय… वरीसभर अनघाच्या हातचं खातीया. मला बरं वाटलंया. तिकडं समद्यांना सांगा… इंदू असं म्हनाली म्हनून." दिरांनी 'बरं, बरं' म्हणून फोन ठेवला. आक्कांनी खिडकीतून खाली बघितलं. मी उभी आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांनी हात तेवढा हलवला आणि खिडकी लावून घेतली. त्याच संध्याकाळी अँब्युलन्स आली.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती. इथं असा रिवाज पडला होता की, ज्यांना आत जाता येत नाही त्यांनी गाडी जाईल त्या रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. आमची सगळी आळी उभी राहिली. ती केकवाली शेजारीण, पोस्टमन, ज्यांचे झगे आक्कांनी उसवले त्या मुलींच्या आया. जुई माझा हात धरून उभी होती आणि गाडी वळणावर गेली तेव्हा मराठीत म्हणाली, "आजी गेली." घरी येऊन मी मशीनवर बसले आणि उगाचच एक काज हातानं करायला घेतलं. वाकडं झालं.

त्यानंतर आक्कांचा डबा मी भरून पाठवत राहिले. भात, पिठलं, मऊ पोळ्या. दुसऱ्या दिवशी तो भिंतीवर असायचा, घासलेला, लख्ख आणि रिकामा. एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. महेश म्हणाला, अनघा घरात स्वयंपाकच करत नाही. बाळाला भरवायचं असलं तरी त्याला हाक मारते. हॉस्पिटलात जाते, दिवसभर लोकांना हात लावते आणि घरी आली की हात धूत बसते. हातांची सालं निघाली आहेत. तिला कुणी एका शब्दानं बोललेलं नव्हतं. दिरांचा फोन तिनं ऐकलाच नव्हता, कारण तेव्हा ती आणि महेश दोघंही खालच्या खोलीत तापात पडलेले. तिचं नाव तिनं स्वतःच घेतलं होतं.

आणि मला तर माहीत होतं. त्या दुपारी मी खिडकीखाली उभी होते. आक्का काय म्हणाल्या ते ऐकणारी इथं मी एकटीच. पण नुसती फोनची गोष्ट सांगून ती अनघाला पोचली नसती. सासू सुनेला सांभाळून घेते, असं म्हणून तिनं ती बाजूला ठेवली असती. आक्कांसाठी ते बोलणं काय होतं हे कळायला काशी सांगायला हवी होती, आणि महेशला मी सांगीन, तू नको, असं आक्कांनी बजावलेलं. असा सगळा शहाणा विचार करत मी सहा आठवडे गप्प बसले. मग एक दिवस रिकामा डबा उचलताना माझ्या कानात आलं, इंदे, सांग की गं. आवाज कुणाचा ते मला सांगता येणार नाही, शेवंताचा मी कधी ऐकलेला नाही. त्या रविवारी मी हे सगळं लिहून काढलं, जे मे महिन्यात लिहायचं होतं ते, आणि कागद डब्यात घालून भिंतीवर ठेवला. वर चिठ्ठी लावली, दोघांनी वाचा, नको म्हणालात तर फाडून टाकते.

दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी महेश भिंतीपाशी आला. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता हा संबंध तोडणार. तो म्हणाला, "आईचं नाव बदलू नका. आणि गावातलं कुणी वाचेल असं छापा. जत्रेच्या आधी." म्हणून हे इथं लिहिते. इंदूनं त्या दिवशी मोगली एरंडाच्या बिया खाल्ल्या होत्या. काशीबाईंच्या हातचं तिनं काही खाल्लं नव्हतं. काशीबाईंनी कुणाला काही केलं नव्हतं. शेवंताबाई, तुम्ही कुठं असाल तर, तुम्ही तेव्हा 'सांग' म्हणाला होतात. इंदूला सांगायला फार उशीर झाला, थोडा माझ्यामुळेही. पण तिनं सांगितलं.

काल संध्याकाळी मी मागचं दार उघडलं. भिंतीवर डबा होता. उचलला तर जड. उघडला. आत दोन भाकऱ्या, कडा फाटलेल्या, एक बाजू करपलेली, आणि शेंगदाण्याची चटणी. भिंतीपलीकडे अनघा उभी होती. हात खिशात नव्हते, बोटांवर पीठ होतं. मी तिथंच उभी राहून तुकडा मोडला, चटणीला लावला, खाल्ला. चटणीत मीठ नव्हतं. मग घरातून स्टूल आणलं आणि त्यावर चढले. शेजारीण कपडे काढत होती, रस्त्यावर मुलं सायकली फिरवत होती, जुई खिडकीत होती. या सगळ्यांना ऐकू जाईल असं मी ओरडले, "अनघाच्या हातचं खाल्लं. मला बरं वाटलं."